महिला सदस्य

लातूरच्या एमआयडीसीतल्या त्या डाळमिलमध्ये शिफ्ट सुरू झाली की मुकादम बायकांच्या संडासाला कुलूप घालायचा, ते शिफ्ट सुटल्यावरच निघायचं. बाया तिथं जाऊन गप्पा मारतात अन् डाळ निवडायची राहते, असा त्याचा हिशेब. त्यामुळं उज्वला दिवसभर घोटभरही पाणी पीत नसे. डॉक्टरनं मूतखडा सांगितला, तेव्हा मात्र ती युनियनच्या शिवशंकरअप्पांकडं गेली.

"अप्पा, तेवढं कुलूप काढायला लावा."

"काढू की. आधी मुकादमाला तोंडी सांग, मग माझ्याकडं लेखी दे, मग तक्रार समितीपुढं. फक्त समितीत एक बाई लागती, अन् सध्या तिच्यात एकबी न्हाई. तूच हो."

एवढा मान तिला आजवर कुणी दिला नव्हता. मालकांनी शाल घातली, अप्पांनी नारळ दिला. मुकादमानं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या, तेव्हा मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली.

पहिल्याच बैठकीत तिनं विचारलं, "माझी तक्रार कधी घेता?"

"आता कशी घेणार, ताई?" अप्पा म्हणाले. "सदस्यानंच तक्रार केली तर ऐकायची कुणी? नियमात बसत न्हाई."

"मग मी राजीनामा देते."

"दे की. बाई न्हाई, तर समितीच न्हाई."

मालकांनी हसून गार पाण्याची बाटली तिच्यापुढं सरकवली. तिनं झाकण उघडलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. शिफ्ट सुटायला अजून बराच अवकाश होता.

तिनं झाकण परत लावलं.