इकोचं बटण

मरणाच्या आदल्या दिवशीही बाबांनी स्टुडिओत तेच सांगितलं, "पोरी, इको वाढव. म्हातारा आवाज झाकला जाऊ दे." इजिप्तमधल्या तांता शहरात मयताच्या मांडवात बाबांसारखे कुराण म्हणणारे सगळेच इको मागायचे, वीस वर्षं नाहिद त्यांचे आवाज फुगवत आली होती. दमल्या हाताने तिने बटण फिरवलं. "बाबा, विहिरीत बसून म्हणताय असं वाटेल." बाबा हसले, खोकले, चहा न घेताच घरी गेले. आज बाबांना जाऊन चाळिसावा दिवस. मांडवात त्यांचंच रेकॉर्ड केलेलं पठण लावायचं होतं. "इको भरपूर ठेव," काका स्टुडिओच्या दारातून म्हणाले, "माझ्या भावाला स्वतःचा आवाज कधी आवडलाच नाही." नाहिदने बटण शून्यावर आणलं. कापरा, दम लागलेला, उघडा आवाज खोलीभर पसरला. काका हळूच खुर्चीत टेकले. माइकसमोरच्या रिकाम्या जागेला ती मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुमच्या आवाजाला कधीच काही लागत नव्हतं."