तिसरी हाक

दुसरी हाक आली तशी विठाबाई जागच्या जागी उभी राहिली. शेळ्या थांबल्या, त्यांच्या गळ्यातल्या घंटाही थांबल्या. कुरवंड्याच्या रानात सकाळचं धुकं इतकं दाट होतं की समोरची करवंदीची जाळी दिसत नव्हती. हाक खालून, कड्याच्या अंगानं आली होती.

विठाबाईनं ओ दिली नाही. रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची नसते, दुसरीलाही नाही, हे ती लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून ऐकत होती. चकवा दोनदाच बोलावतो. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारतो. ती तिसऱ्या हाकेसाठी कान देऊन थांबली. हाक काही आली नाही. मग तिनं शेळ्या वळवल्या आणि घरची वाट धरली.

दुपारी सून घाईघाईनं घरी आली. प्रतीक्षा रानाच्या फाटकावर गाईड होती. येणाऱ्यांना नियम सांगणं हे तिचं रोजचं काम. पायवाट सोडू नका, कड्याच्या टोकाला जाऊ नका, वाट चुकलात तर हलू नका, बसून राहा. बहुतेक जण मोबाइलमध्ये बघत मान हलवायचे. सकाळी आत गेलेली दोन पोरं अजून परतली नव्हती, आणि त्यांचे फोन लागत नव्हते.

"एवढ्या रानात कुटं शोधायचं त्यांना?" ती म्हणाली.

विठाबाई चुलीपुढून उठली. "चल, मी दावते."

तिला जागा कशी ठाऊक, हे विचारायचं प्रतीक्षाला सुचलं नाही. तिनं गावातली चार माणसं आणि दोर घेतला. सासू पुढं होती. सकाळी तोंड न उघडलेली ती बाई आता वाटभर हाका मारत होती. घसा बसला तरी थांबेना.

कड्याखालच्या टप्प्यावर सत्यम बसलेला सापडला. त्याच्या मांडीवर त्याच्या मित्राचं, संदेशचं डोकं होतं. सकाळी दोघं वरून घसरले होते. दुपारपर्यंत संदेश बोलत होता. आता त्याचं अंग गार पडलं होतं.

"ताई, तुम्हीच सांगितलं होतं, हलू नका," सत्यम प्रतीक्षाला म्हणाला. "नाही हललो. दोन हाका मारल्या. वर घंटा वाजत होत्या, त्या थांबल्या. वाटलं, कुणीतरी ऐकलंय. म्हणून गप्प झालो."

"मग?"

"मग घंटा लांब गेल्या. याला म्हटलं, माणसं आणायला गेलेत. येतील आता."

विठाबाई खाली बसली. अंगावरची शाल काढून तिनं संदेशवर पांघरली.

"घंटा माज्या शेळ्यांच्या, बाळा," ती म्हणाली.

सत्यमनं तिच्याकडे पाहिलं. सोललेले हात कसेबसे जोडले.

"मला माहीत होतं मावशी, तुम्ही परत येणार."

विठाबाईला खूप काही सांगायचं होतं. तिनं संदेशवरची शाल नीट केली, आणि प्रतीक्षा सासूच्या चेहऱ्याकडे नुसती बघत राहिली.

आता रविवारी पोरं कड्यावर जमतात. आवाज घुमून परत येतो का, ते बघायला उगाच हाका मारतात. प्रतीक्षा त्यांना दटावते, उगाच ओरडू नका म्हणून सांगते, पण ऐकतो कोण. पहिल्याच हाकेला खालच्या उतारावरच्या घंटा थांबतात. पोरं हसायला लागतात, तोवर धुक्यातून एका बाईचा बसका आवाज वर येतो.

"ओऽ! बस रं तितंच. आले मी."