पिशवीतलं तिसरं पुस्तक

अखंड बडबडते म्हणून मैत्रिणीने तिचं नाव रेडिओ ठेवलेलं; आत्ताही रेडिओने पिशवीतून पहिलं पुस्तक काढलं आणि सुरूच झाली. कशी आहेस, दुखतंय का, काही नाही.

"हे बघ. यात ना, हवा विकत मिळते. बाटलीतून! आणि एक पोरगी आहे, ती शेजाऱ्यांच्या बाटल्यांना नळ्या लावून श्वास चोरते. अर्ध्यावर येईपर्यंत तुलाच धाप लागेल बघ."

"दुसरं?" हॉस्पिटलच्या खाटेवरून वाळवीने विचारलं. पुस्तकं फस्त करायची म्हणून वाळवी. तिचे केस सकाळीच काढले होते. कान उगाच मोठे दिसत होते.

"दुसऱ्यात स्वप्नांवर कर! स्वप्न पडलं की सकाळी वसुलीवाला दारात. गरीब लोक बिचारे झोपतच नाहीत."

"इथे तेच चाललंय. डोळा लागला की सिस्टर उठवतात."

वाळवीची आई पायथ्याशी संत्रं सोलत होती. "अगं, तुझ्या पुस्तकांत काही चांगलं होतच नाही का गं? एखादं लग्नबिग्न?"

"होतं ना काकू. हवा संपायच्या जरा आधी."

काकूसुद्धा हसल्या.

"आणि तिसरं?"

"तिसरं नाहीये."

"मग पिशवी कशाने ताठ उभी आहे?"

रेडिओने पिशवी जवळ ओढली. तिसरं तिने वाळवीसाठी कधीचं बाजूला काढलं होतं, मेंदूतल्या गाठीचं कळायच्या आधीच. मग डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर ती बोलेल, माणसं ओळखेल. अक्षरं लागतील की नाही, ते मात्र शुद्धीवर आल्यावरच कळेल. आज निघताना रेडिओने ते पुस्तक पिशवीत टाकलं, काढलं, परत टाकलं.

वाळवीने स्वतःच पिशवीत हात घालून ते काढलं. मागच्या बाजूचा मजकूर वाचला. एका सकाळी अख्खं गाव उठतं आणि कुणालाच वाचता येत नाही. पाट्या दिसतात, पण अक्षरं लागत नाहीत.

संत्रं सोलणारे हात थांबले.

वाळवी कुठलंही पुस्तक आधी शेवटच्या पानावर उघडायची. त्यावरून दोघींची कडाकडा भांडणं झालेली. आत्ताही तिचा अंगठा तिथेच गेला. आणि तिथेच अडला.

"यांना शेवटी वाचता येतं का गं?"

रेडिओने तोंड उघडलं.

"गप्प! सांगू नकोस." वाळवीने पुस्तक तिच्या मांडीवर टाकलं. "शेवटचं पान फाड आणि तुझ्याकडे ठेव. बाकीचं मी आज संपवते. ते पान ऑपरेशननंतर."

"फाडू? पुस्तक?" एकदा वाळवीने पानाचा कोपरा दुमडला, तर हा रेडिओ महिनाभर बंद होता.

"नाहीतर मी आत्ता वाचेन. मला ओळखतेस तू."

रेडिओने पान शिवणीपाशी चिमटीत धरलं. "आणि नंतर तुला... म्हणजे समजा..."

"तर तू वाचून दाखव." वाळवीने एका हाताने डोळे पुसले, दुसऱ्याने आईच्या हातातली फोड घेतली. "पण हळू वाच हं. तू फार सुसाट सुटतेस."

रेडिओने मान हलवली. आणि हळू, अगदी हळू, पान फाडायला घेतलं.