काकूंचा फोन

संभाजीनगरात ऊन नुसतं भाजत होतं, म्हणून रविवारी कृष्णा, ऋतुराज आणि सायली गाड्या काढून म्हैसमाळला गेले. डोंगरावर झाडाखाली बसून डबे उघडतात न उघडतात तोच आभाळ काळंकुट्ट झालं, गारा झोडपायला लागल्या. कृष्णा आणि सायली देवळाकडं पळाले. ऋतुराज राहिलेले डबे गोळा करायला मागं थांबला, आणि त्याच झाडावर वीज कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या तोंडावर चादर ओढली. त्याच्या घरी कळवायला कृष्णानं खिशातून आपला फोन काढला. तेवढ्यात तोच वाजला. ऋतुराजची आई होती.

"कृष्णा, म्हैसमाळला वीज पडून एक पोरगं गेलं म्हणं. तू बरा हायेस ना, बाबा?"

"हो, काकू."

"जीव भांड्यात पडला बघ. आमचा ऋतुराज बी लई हट्ट धरून बसला होता तुमच्यासंग यायचा. मी साफ नाय म्हटलं.


बरं झालं, माझं ऐकून सकाळीच क्लासला गेला."