कुंपणापलीकडची आयव्ही

टोवेच्या पत्राला एस्बनने उत्तर दिलं नव्हतं. धाकट्या बहिणीने मागितलं होतं ते इतकंच: गुडघ्यांमुळे आता बेटावरून बोटीने येणं होत नाही, तर आईच्या कबरीवरच्या आयव्हीच्या वेलीची एक फांदी पाठव, कुंडीत लावीन. त्याला दोन वर्षं झाली. तिने पुन्हा विचारलं नाही. यंदा नाताळचं कार्डही आलं नाही.

पाठवायला आयव्ही उरलीच नव्हती. वडिलांच्या कबरीवर ती आईने स्वतः लावली होती, आणि पुढे तिथेच आईला पुरल्यावर त्या वेलीने तिलाही पांघरुणात घेतलं होतं. हिवाळा आला की गावातले सगळे थंडीपासून झाडं वाचवायला कबरींवर स्प्रूसच्या, सूचिपर्णी झाडाच्या, फांद्या अंथरतात आणि मार्चमध्ये उचलतात. एस्बन निवृत्त ग्रंथपाल. त्याने पुस्तकात वाचून फांद्यांखाली प्लास्टिकही घातलं, आणि ते काढायला मेपर्यंत थांबला. खाली आयव्हीचा कुजून काळा चिखल झालेला निघाला.

मग त्याने दुकानातून आयव्हीची कुंडी आणून तिथे लावली. ती आता छान पसरली होती. आज तो कात्री घेऊन गुडघ्यांवर बसला होता. आईच्या कबरीवरची आयव्ही म्हणजे आईच्या कबरीवरची आयव्ही, यात खोटं काय, असं तो सकाळपासून स्वतःला समजावत होता.

"कुणासाठी कापतोयस?"

शेजारच्या कबरीपाशी मोगेन्सनबाई झारी घेऊन उभ्या होत्या. ती त्यांच्या नवऱ्याची, गावच्या बेकरीवाल्याची कबर. एस्बन त्यांना टाळत असे. आईची आयव्ही मधल्या झुडपांच्या बुटक्या कुंपणाखालून त्यांच्या हद्दीत शिरायची. दरवर्षी तो ती छाटायचा, माफी पुटपुटायचा आणि निघून जायचा.

त्याने टोवेचं नाव सांगितलं. बाईंनी त्याच्या हातातली फांदी चष्म्याजवळ नेली.

"ही तुझ्या आईची, एल्सेबेथची नाही. तिच्या आयव्हीच्या पानांना पांढरी कड होती."

एस्बनचे कान तापले. खोटं जुळवायला वेळ मिळाला असता तरी त्याला ते जमलं नसतं. प्लास्टिकचं, पुस्तकाचं, पत्राचं, सगळं तो खाली मान घालून सांगत गेला. मग काठीने कुंपणाची झुडपं बाजूला सारून बाईंनी त्याला वाकून बघायला लावलं.

बेकरीवाल्याच्या दगडामागे, गुलाबाच्या बुंध्याभोवती, पांढऱ्या कडेच्या पानांचा गालिचा पसरला होता. प्रत्येक पेराला मुळं फुटलेली. मूळ वेल मेली, हे इकडच्या आयव्हीला कुणी कळवलंच नव्हतं.

"तू छाटायचास तेव्हा मी मनात म्हणायचे, छाट बाबा, हौस भागव," बाई म्हणाल्या. "ही एल्सेबेथ चाळीस वर्षं रोज दुपारी माझ्याकडे कॉफीला यायची. आता काय घरी बसणार आहे?"

"मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"मी दिसले की तू पाण्याच्या पंपामागे लपायचास. पंपाला सांगू?"

एस्बनला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं होतं, त्यामुळे ते थोडं घोगरं निघालं. बाईंनी आपल्या कात्रीने तीन लांब फांद्या कापल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि बजावलं, कुंडीत लावल्यावर पहिलं वर्ष ती नुसती रुसून बसेल, तिला टाकून देऊ नकोस म्हणावं टोवेला.

घरी येऊन त्याने पत्र लिहायला घेतलं. चार पानं क्षमायाचना झाली. ती त्याने वाचली आणि फाडली.

संध्याकाळी बिस्किटांचा डबा टपालात पडला. आत फांद्यांवर एक चिठ्ठी होती:

'आई शेजारी कॉफीला गेली होती. सापडली. ती तिकडे कशी पोचली ते सांगायला पुढच्या महिन्यात बोटीने येतोय.'