परत न येणारी गिऱ्हाइकं

“शून्य,” मालकांचा पुतण्या म्हणाला आणि त्याने कागद ब्रेकबाईंकडे सरकवला. “एकोणीस वर्षं तुम्ही इथे गाडी शिकवताय, मावशी. मी गेल्या तीन वर्षांचं रजिस्टर चाळलं. तुमच्याकडे शिकलेला एकही माणूस पुन्हा आपली पायरी चढलेला नाही.”

ब्रेकबाईंनी चष्मा लावला. कागदावर दोनच ओळी होत्या. इथले दुसरे शिक्षक म्हणजे मास्तर; त्यांच्यापुढे एकेचाळीस, ब्रेकबाईंपुढे शून्य. शून्य चांगलं ठसठशीत छापलं होतं.

मालक खुर्चीत अवघडून बसले होते. ड्रायव्हिंग स्कूल त्यांचं, पण जाहिरातीचं काम त्यांनी दोन महिन्यांपूर्वी पुतण्याच्या हाती दिलं होतं. पुतण्या हुशार. आल्या आल्या त्याने विचारलं होतं, आपलं चांगलं चाललंय हे आपण म्हणतो तरी कशावरून? मग मापही त्यानेच ठरवलं. जुनं गिऱ्हाईक परत किती येतं ते मोजायचं. साबणवाले तेच मोजतात, हॉटेलवाले तेच मोजतात. ज्या शिक्षकाकडे माणसं परत येतात त्याचा फोटो चौकातल्या फलकावर लागणार होता. ज्याच्याकडे येत नाहीत त्याची गाडी एक तारखेपासून दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती. फलकवाला दहाला यायचा होता. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

“अहो, पण एकदा लायसन्स मिळाल्यावर परत कशाला येतील?” ब्रेकबाई म्हणाल्या.

“मास्तरांचे येतात ना! त्यांनाही लायसन्स मिळतंच. तरी येतात. सरावाचे दहा तास, मग आणखी दहा तास. एक गृहस्थ तर चौथ्यांदा आलेत. याला म्हणतात जीव लावणं.”

शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. ब्रेकबाई तो सहसा दाबत नसत, नुसत्या “ब्रेक!” म्हणून ओरडत. म्हणून तर हे नाव पडलं होतं. त्या चाचरत म्हणाल्या, “मास्तरांच्या बाजूच्या ब्रेकचं रबर झिजतं, म्हणून आपण वर्षातून दोनदा बदलतो. माझं अजून कंपनीचंच आहे.”

पुतण्या मोठ्याने हसला. “मावशी, आता काय रबर बघून धंदा मोजू?”

मालकही कसनुसं हसले.

“खरं सांगू?” पुतण्याचा आवाज एकदम मऊ झाला. “तुम्ही फार ओरडता. माणसं कसंबसं लायसन्स घेतात आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावत नाहीत. तुम्ही त्यांना गाडी नाही शिकवलीत. गाडीची धास्ती शिकवलीत.”

नोकरी जाणार हे त्यांना कागद पाहताच कळलं होतं. चोपन्नाव्या वर्षी ते अवघड होतं, पण तेही त्यांनी निभावलं असतं. हे दुसरं मात्र वर्मी लागलं. शेवटच्या दिवशी माणसं आभार मानून जात. पुढे त्यांचं काय होतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. शेकडो माणसं. त्यातली किती या घटकेला बसच्या रांगेत उभी असतील? आपण ओरडत होतो आणि त्यांच्या मनात भीती घर करत होती, असं तर नसेल?

“तोंडाने बोलू नकोस नुसतं,” मालक पुतण्याला म्हणाले. “फोन लाव. बाईंच्या समोरच काय ते होऊन जाऊ दे.”

पुतण्याने स्पीकर चालू केला. पहिला नंबर वाजून वाजून थांबला. दुसऱ्याचंही तेच. “बघा. शाळेचं नाव दिसलं की उचलतसुद्धा नाहीत.”

तिसऱ्या नावापाशी त्याचं बोट थांबलं. “आणि ही! हिने लिहून दिलंय, बाईंनी मला पुलाच्या चढावर रडवलं.”

ब्रेकबाईंना ती लगेच आठवली. बँकेत कॅशियर होती. गाडी मागे घसरू लागली की दोन्ही हात डोळ्यांवर घ्यायची. त्यांनी तिला त्याच चढावर अकरा वेळा थांबवून अकरा वेळा गाडी काढायला लावली होती.

“लावा,” त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

घंटी वाजत राहिली. मग थांबली.

पुतण्याने आता मास्तरांच्या यादीतला नंबर लावला. पहिल्याच घंटीला उत्तर आलं. “मास्तर ना? अहो, देवमाणूस! ते शेजारी बसले की भीती कशी ती वाटतच नाही. येतोय मी पुढच्या आठवड्यात परत!”

“अजून किती लावू?” पुतण्याने विचारलं.

ब्रेकबाईंनी पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि कागदावर, त्या शून्यावर ठेवली. मालकांनी ती उचलली नाही. परत घ्या, असंही म्हटलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. मघाचा तिसरा नंबर होता, त्या कॅशियरचा. पुतण्याने स्पीकरचं बटण दाबलं. शेजारून भरधाव जाणाऱ्या गाड्यांचा आवाज खोलीभर झाला आणि त्यातून बाईमाणसाचा शांत, स्वच्छ आवाज आला.

“तुमचा फोन येऊन गेला ना? गाडी चालवत होते, म्हणून उचलला नाही. आता कडेला घेतलीय. बोला.”