हेल्पलाइनवरचा आवाज

द्वारकाबाई वसमतला हळद दळून पुड्या विकतात. गिऱ्हाइकांनी मोबाइलवरून भरलेले पैसे पेमेंट कंपनीनं तपासणीसाठी अडकवून ठेवले, त्याला अकरा दिवस झाले होते. त्या रोज हेल्पलाइनला फोन लावायच्या आणि रोज मशीनच बोलायचं. एक दाबा, दोन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग गाणं वाजायचं आणि फोन बंद व्हायचा.

बाराव्या दिवशी लेकीनं, संगितानं, नेटवरून दुसरा नंबर शोधून दिला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. त्यांनी हॅलो म्हणताच पलीकडचा बोलला.

"बोला मावशी. जेवण झालं का?"

द्वारकाबाईंनी सगळं सांगितलं. गिरणीपासून सुरुवात केली, पुड्या बांधणाऱ्या बायांची नावंसुद्धा सांगितली. त्यानं मधी एकदाही तोडलं नाही.

"लई तकलीफ झाली मावशी तुम्हाला. आता मोबाइलवर एक नंबर आला असंल, तेवढा वाचून दाखवा."

त्यांनी चष्मा लावून एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात हवालदार तक्रार लिहून घेत होते. बँकेतलं खातं पार रिकामं झालं होतं.

"काहून सांगितला ओटीपी?"

द्वारकाबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"बरं, आवाज कसा होता त्याचा? काही आठवतंय?"

"व्हय," त्या हळूच म्हणाल्या. "माणसाचा व्हता, साहेब."